तृप्ताईच्या खारट खिरीची कहाणी

ऐक ग माझे आई तृप्ताई, तुझी कहाणी तुझ्याच समोर बसून सांगते. बायांनो, हातात अक्षता घ्या. मांडी अवघडली तर पाय पसरा, ती रागावत नाही. मध्ये बोलायचं मात्र नाही. हसलात तर चालेल.

नगर होतं, आटपाट होतं, सात वेशींचं होतं. तिथं पद्मनाभशास्त्री नावाचे एक ब्राह्मण राहत. त्यांची बायको यमुनाक्का. मुलगा विद्येसाठी दूर देशी गेलेला. घरात सून होती, तिचं नाव चिमा, आणि चिमाची तीन वर्षांची लेक होती, तिचं नाव बनी. आणि देवघरात कोण होती? आपली तृप्ताई. पितळेचा मुखवटा, टपोरे डोळे, हसरं तोंड.

त्या घरी दर श्रावणी शुक्रवारी देवीला गव्हल्यांची खीर असायची. सारी आळी प्रसादाला यायची. खीर कशी करायची ते यमुनाक्काच्या सासूनं एका पोथीत लिहून ठेवलं होतं. म्हातारी मोठी सुगरण. तिनं लिहिलं होतं, "देवाच्या चुलीपुढं बसावं. डोळे मिटावे, देवीचं नाव घ्यावं, उजव्या हाताच्या मडक्यातल्या तीन मुठी घालाव्या. आमटीला डाव्या हाताच्या मडक्यातली एक." उजव्या हाताला खडीसाखरेची भरड होती, डाव्या हाताला जाडं मीठ होतं. दोन्ही मडकी जमिनीत पुरलेली. एक दाराकडे, एक खिडकीकडे.

मग काय झालं? म्हातारी देवाघरी गेली. घर यमुनाक्काच्या हाती आलं. त्याच पावसाळ्यात स्वयंपाकघराची भिंत खचली. गवंडी आला, त्यानं भिंत बांधली आणि चूल या भिंतीची उचलून समोरच्या भिंतीला मांडली. शास्त्री म्हणाले, "वा, आता करणारीचं तोंड पूर्वेला आलं, शास्त्राला अधिकच धरून झालं." झालं खरं. पण तोंड फिरलं की हातही फिरतात की नाही, बायांनो? मडकी होती तिथंच राहिली. भरणारा गडी दाराकडल्या मडक्यात मीठ भरी, खिडकीकडल्यात साखर भरी, जसा पूर्वी भरी तसाच. आणि यमुनाक्का डोळे मिटी, देवीचं नाव घेई आणि उजव्या हाताच्या मडक्यातल्या तीन मुठी खिरीत घाली.

खीर खारट झाली. आमटी गोड झाली.

आता तुम्ही म्हणाल, कुणी चव नाही का बघितली? कशी बघणार? नैवेद्य उष्टा होतो ना! आणि नैवेद्य दाखवल्यावर तो प्रसाद. प्रसादाला कोण नावं ठेवणार? पहिल्या शुक्रवारी आळीनं प्रसाद खाल्ला. द्वारकाकाकूंचे डोळे पांढरे झाले. मनात म्हणाल्या, "अगबाई, सगळ्या किती भक्तीनं खातायत, मलाच खारट लागतंय. माझंच काही पाप असेल." आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अमृत हो अमृत!" पलीकडे पाटलीणबाई बसल्या होत्या. त्यांच्याही मनात तेच आलं आणि तोंडात तेच आलं. मग आपापल्या घरी जाऊन बाया तांब्या तांब्या पाणी प्यायल्या.

असं एक वर्ष गेलं, दोन गेली, बारा गेली. देवीचं हसू मावळलं. मुखवटा आंबट दिसू लागला. शास्त्री म्हणाले, "देवी उग्र झालीय. नेम कडक करा." मग एका वर्षी नेम वाढला, चुलीपुढं बोलायचं नाही. दुसऱ्या वर्षी वाढला, शेजारणीचं पाणी घ्यायचं नाही. तिसऱ्या वर्षी वाढला, शुक्रवारी परक्या जातीचं, परक्या देवाचं कुणी अंगणातसुद्धा यायचं नाही. यमुनाक्का एकेक नेम पोथीत लिही आणि जिवापाड पाळी. नेम वाढले तसा देवीचा चेहरा आणखी आंबट झाला. होईल नाही तर काय! खाणारीला मीठ, आणि वर दारं बंद.

मग त्या श्रावणात यमुनाक्काच्या गुडघ्यांनी दगा दिला. तिनं सुनेला हाक मारली. "चिमे, आजपासून खीर तू कर. पोथीत आहे तसं. एक अक्षर इकडचं तिकडं नको." चिमा म्हणाली, "बरं आक्का."

चिमा नदीपलीकडची, माळ्याच्या वस्तीजवळ वाढलेली. तिच्या माहेरी देव झाडाखाली, आणि स्वयंपाक करणारीनं तळहातावर थेंब घेऊन चाटायचा ही तिथली रीत. तिनं डोळे मिटले, नाव घेतलं, उजव्या हाताच्या तीन मुठी घातल्या. खीर उकळली. आणि हात आपला सवयीनं गेला! पळीतला थेंब तळहातावर, तळहात जिभेवर.

"अगबाई! मीठ!"

यमुनाक्का दारातच होती. "मेले, चव घेतलीस? देवीच्या आधी?"

चिमा म्हणाली, "आक्का, चुकले. पण खीर खारट झालीय, खरंच. ही टाकू, दुसरी करू."

"खारट? बारा वर्षं या घरची खीर आळी जेवतेय, कुणी खारट म्हणालं नाही. आणि तुला खारट? जीभच वाकडी तुझी. उष्टं केलंस, वर देवीच्या खिरीला नाव ठेवतेस?" यमुनाक्कानं अंगणाकडं बोट दाखवलं. "चालती हो. पुढल्या शुक्रवारी सगळ्यांसमोर उभी राहा आणि म्हण, माझी जीभ खोटी, खीर गोड होती. मगच या उंबऱ्याच्या आत पाऊल टाक. तोवर पोर माझ्यापाशी."

बनीनं भोकाड पसरलं. चिमानं तिचे मुके घेतले, पदर डोळ्यांना लावला आणि निघाली. करते काय बिचारी? सासऱ्यांकडे बघितलं तर ते पोथीत तोंड खुपसून बसलेले.

चालत चालत चिमा नदीकाठी आली. तिथं तानूबाई कुंभारणीचं घर होतं. ओसरीवर एक म्हातारी बसून भाकरी खात होती. मिटक्या मारून खात होती. तानूबाईनं चिमाला बघितलं, काही विचारलं नाही. कालवण उकळत होतं, त्यातलं थेंबभर चाटलं, "ठीक झालंय" म्हणाली, आणि चिमाला वाढलं. चिमानं विचारलं, "तानूबाई, तुमचा देव कोणता?" तिनं चाकावरचा मातीचा गोळा दाखवला. "हा. अजून काहीच झालेला नाही, म्हणून याला नमस्कार करते. मग त्याला काय व्हायचं ते होऊ दे." "आणि ही म्हातारी कोण?" "ठाऊक नाही बाई. भुकेली होती, वाढलं." म्हातारी तोंड भरून म्हणाली, "आणखी अर्धी वाढ ग. माझ्या घरचं जेवण बारा वर्षं घशाखाली उतरलं नाही." चिमा तिथं दोन दिवस राहिली. माती मळू लागली, बनीची आठवण काढू लागली.

मग पुढं निघाली. वेशीबाहेर लिंबाखाली एक पिराची कबर होती. तिथं हसनबाबा नावाचे फकीर दिवाबत्ती करत. सकाळची वेळ. ते परातीत मलिदा मळत होते, पोळीचा चुरा, गूळ, तूप. आणि समोर कोण? तीच म्हातारी, हात पुढं करून बसलेली! हसनबाबांनी चिमटीभर चुरा तोंडात टाकला, आणखी थोडा गूळ घातला, मग वाटला. चिमानं विचारलं, "बाबा, आधी तुम्ही खाल्लंत? चालतं?" बाबा हसले. "बेटी, खवट तूप पाहुण्याच्या पोटात गेलं तर अल्ला मला विचारील, तुला नाक नव्हतं का?" चिमानं पुसलं, "ही म्हातारी तुमच्यातली का हो?" "पुसलं नाही. भुकेली होती, दिलं." म्हातारी बोटं चाटत म्हणाली, "आणखी मूठभर दे रे. घरचं गोडधोड खाऊन बारा वर्षं झाली." चिमा तिथंही दोन दिवस राहिली. लिंबाखालचा पाला लोटू लागली, बनीची आठवण काढू लागली.

मग आणखी पुढं निघाली. नदीच्या उतारावर लखू नावाड्याची नाव होती. नावेत कोण? अहो, तीच! पाय पाण्यात सोडून भाजलेली कणसं खात होती. लखूनं एक कणीस चिमाला दिलं. चिमानं विचारलं, "दादा, तुमचा देव कोणता?" लखू म्हणाला, "खोटं कशाला बोलू? मला देवबिव काही कळत नाही. माणूस या काठाला उभा असतो, त्याला त्या काठाला जायचं असतं. मी पोचवतो. कणसं एकट्यानं खाववत नाहीत, म्हणून वाटतो." चिमानं म्हातारीकडे बघितलं. लखू म्हणाला, "कोण ते ठाऊक नाही. भुकेली दिसली."

आता मात्र चिमा म्हातारीशेजारी जाऊन बसली. म्हणाली, "आजीबाई, मी कुंभारणीकडं गेले, तिथं तुम्ही. फकिराकडं गेले, तिथं तुम्ही. याला देवच ठाऊक नाही, तर इथंही तुम्ही. तुम्हांला कुठं अडचण होत नाही का?"

म्हातारी म्हणाली, "अडचण एकाच घरी होते. तिथं माझ्यावर फार जीव आहे, पण मला काय हवं ते कुणी विचारीत नाही." मग चिमाकडे वळली. "तू का तोंड पाडून बसलीस?"

चिमाचा बांध फुटला. सगळं सांगितलं. "आजी, उद्या शुक्रवार. खीर गोड होती म्हटलं तर माझी बनी मला मिळते. एवढंच म्हणायचंय."

"मग म्हण की."

"जीभ वळत नाही हो."

म्हातारी उठली, पदर झटकला. "चल, मी येते. मलाही खीर खायचीच आहे." लखूनं नाव नगराकडं सोडली.

शुक्रवार उजाडला. दुखऱ्या गुडघ्यांनी यमुनाक्कानंच खीर केली, पोथीत होती तशी. शास्त्र्यांच्या ओसरीवर सारी आळी जमली. पानं मांडली, रांगोळ्या घातल्या. चिमा अंगणात येऊन उभी राहिली. मागं म्हातारी, आणि आता तुम्ही हसाल, म्हातारीच्या मागं तानूबाई, हसनबाबा आणि लखू! म्हातारीनंच त्यांना जेवायला बोलावलं होतं, जसं काही घर तिचंच.

बनीनं आईला बघितलं आणि हात पसरले. आठ दिवसांत पोर उतरली होती. यमुनाक्कानं तिला कडेवर घट्ट धरलं. तिचीही दशा काही बरी नव्हती, डोळे खोल गेले होते.

"ही कोण मंडळी?" यमुनाक्का म्हणाली. "आजीबाई, तुम्ही कुणाकडच्या?"

"जो वाढील त्याच्याकडची."

"कुठून आलात?"

"कुंभारणीकडं भाकरी खाल्ली, फकिराकडं मलिदा खाल्ला, याच्याकडं कणसं खाल्ली. आता इथं खीर खायची."

ओसरीवरच्या बायांनी पदर सावरले. शास्त्र्यांनी कानांवर हात ठेवले. यमुनाक्का चिमाला म्हणाली, "त्यांचं मागून बघू. आधी तू. पानं खोळंबलीत. म्हण, माझी जीभ खोटी, खीर गोड होती. म्हण आणि पोर घे." आणि हळूच, फक्त चिमाला ऐकू जाईल असं म्हणाली, "म्हण ग बाई. पोर जेवत नाही माझ्या हातून. चार शब्द तर आहेत."

चिमानं बनीकडे बघितलं. ओठ उघडले. सगळी ओसरी कान देऊन बसली.

मग चिमा म्हणाली, "आक्का, तुम्ही म्हणाल तर मी तुमचे पाय धुऊन पाणी पिईन. चव घेतली ती चूक, त्याची शिक्षा द्या. पण मिठाला साखर म्हणू कशी? आज देवीसमोर म्हटलं, की उद्या बनीलाही तेच म्हणायला शिकवीन, आणि ती तिच्या लेकीला. त्यापेक्षा तुम्ही एक करा. नैवेद्य दाखवून झालाय, आता तो प्रसाद. सगळ्यांसमोर एक घास घ्या आणि देवीकडे बघून सांगा कसा लागतो. तुम्ही गोड म्हणालात तर मी इथूनच परत जाते. पुन्हा या दारात येणार नाही. बनी तुमची."

साऱ्या ओसरीनं यमुनाक्काकडे बघितलं.

यमुनाक्कानं वाटी घेतली. आता बघा, बायांनो, किती सोपं होतं तिला! एक शब्द, आणि घर तिचं, नात तिची, पोथी खरी. तिनं घास घेतला. चावला. गिळला. देवीच्या त्या आंबट झालेल्या मुखवट्याकडे बघितलं. सुनेकडे बघितलं. आणि वाटी तिच्या हातातून खाली पडली.

"खारट आहे," यमुनाक्का म्हणाली. "बारा वर्षं खारट आहे."

शास्त्री उठून उभे राहिले. "काय? तुलाही लागते खारट?"

"म्हणजे तुम्हांलाही?"

"अगं, पहिल्या दिवसापासून! मला वाटलं, माझ्या पाठांतरात खोट आहे, म्हणून देवी माझ्याच तोंडात मीठ घालते. म्हणून तर नेम वाढवत गेलो."

द्वारकाकाकू ओरडल्या, "अहो, मला वाटलं माझंच पाप!" पाटलीणबाई म्हणाल्या, "मी तर त्यापायी तीर्थयात्रा करून आले हो! परत आले तरी खारटच!" मग एकेक करून सगळ्या बोलू लागल्या. माझंही तेच, माझंही तेच. बारा वर्षं साऱ्या आळीनं एकमेकींच्या मांडीला मांडी लावून मीठ गिळलं, आणि प्रत्येकीला वाटलं आपणच तेवढ्या अभागी. आधी कुणीतरी हुंदका दिला. मग कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि मग जे हसू सुटलं, ते काही आवरेना. शास्त्र्यांचं पागोटं पडलं, तरी हसतायत. तानूबाई हसतेय, बाबा हसतायत, लखू पोट धरून हसतोय.

यमुनाक्का मात्र रडत होती. ती चिमाजवळ आली, बनीला तिच्या कुशीत दिलं. म्हणाली, "पोरी, सासूबाई गेल्या तेव्हा मला काही येत नव्हतं. पोथी तेवढी होती. पहिल्या खिरीला मीठ लागलं, तेव्हा वाटलं मीच नालायक. कुणाला कळू नये म्हणून एकेक नेम वाढवला आणि त्याच्या आड लपले. तुला हाकललं ते त्याच भीतीनं. माझं चुकलं ग."

चिमानं तिच्या गळ्यात हात टाकले. "आक्का, चला. दुसरी करू."

तेवढ्यात म्हातारी ओरडली, "करा की लवकर! भुकेनं जीव चाललाय माझा!"

मग दोघी देवाच्या चुलीपुढं बसल्या. यमुनाक्कानं डोळे उघडे ठेवून मडक्यांत बघितलं. दाराकडल्यातली चिमूट जिभेवर ठेवली, खिडकीकडल्यातली जिभेवर ठेवली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगबाई! चूल फिरली हो, चूल! आम्ही बसलो तशाच उजवा हात धरून!" तानूबाईनं गव्हले परतले, हसनबाबांनी तूप हुंगून पसंत केलं, लखूनं पाणी आणलं. खीर उकळली. चिमानं थेंब चाटला. यमुनाक्कानं चाटला. बनीनं तर वाटीच चाटली. एकच पंगत बसली. कुणी कुणाचं गोत्र पुसलं नाही. म्हातारीनं एक वाटी खाल्ली, दोन खाल्ल्या, तीन खाल्ल्या, आणि असा ढेकर दिला की आळी दणाणली.

यमुनाक्का हात जोडून म्हणाली, "आजीबाई, तुम्ही जाणत्या दिसता. ही पोथी मी आता चुलीत घालू का?"

म्हातारी म्हणाली, "वेडी की काय! सुगरणीच्या हातची आहे ती. दर घासाला चव बघून लिहिलीय तिनं, तेवढंच लिहायचं राहिलं."

"मग दुरुस्त करते. उजव्याच्या जागी डाव्या हाताचं मडकं लिहिते."

"आणि उद्या पुन्हा भिंत पडली म्हणजे?"

यमुनाक्कानं पोथी उघडली. मग म्हणाली, "मग काय लिहू हो?"

म्हातारी उठली, हात धुतले, पदराला पुसले. "लिही, चव बघ. आणि कुणी खारट म्हणालं, तर त्याला हाकलू नको, चमचा दे." एवढं म्हणून ती देवघराकडे पाणी प्यायला म्हणून गेली. गेली ती परत येईना. सगळे बघायला धावले. आत कुणी नव्हतं. देवीचा मुखवटा गालांतल्या गालांत हसत होता, आणि त्याच्या हनुवटीला खीर लागली होती.

यमुनाक्का पुसायला पुढं झाली. चिमानं तिचा हात धरला. म्हणाली, "राहू द्या, आक्का. अजून जेवतायत."

तर बायांनो, असा हा तृप्ताईचा वसा. श्रावणातल्या शुक्रवारी घ्यावा. ज्या देवाचं नाव ठाऊक असेल ते घ्यावं, ठाऊक नसेल तर नुसते हात जोडावे. खीर करावी, चव बघावी, दारी येईल त्याला वाढावी, आणि कशी झाली ते त्याला विचारावं. सांगेल ते ऐकावं. नेम पाळावे, पण नेमाच्या आड लपू नये. यमुनाक्काला जशी तृप्ताई हसली, चिमाला जशी तिची बनी मिळाली, आळीला जसं एकमेकींचं मन कळलं, तशी ती तुम्हांआम्हांला हसो, ज्याचं हरवलं त्याला मिळो, ज्याचं अडलं ते सुटो. साठ घासांची ही कहाणी पाच घासांत वाढली, पोट भरून, मन भरून, सुफळ संपूर्ण झाली.